सामाईक कपाट आणि रात्रीचा पहारेकरी

आपल्या वसईच्या वाडीत ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांस सामाईक विहीर म्हणजे काय हे सांगावयास नको. विहीर एक, परंतु तिच्यावर हक्क सांगणारी घरे तीन किंवा चार. केळीला पाणी पाहिजे, फुलझाडांना पाहिजे, पानवेलीलाही पाहिजे. पाणी सर्वांचे असले तरी पाळी प्रत्येकाची ठरलेली असे, आणि ती मोडली की भाऊबंदकीस आरंभ होई. तात्पर्य, जी वस्तू सर्वांची असते तिलाच नियमांची अधिक गरज असते. एकट्याच्या वस्तूस एक कुलूप पुरते. सामाईक वस्तूस कुलुपाबरोबर व्यवस्थाही लागते.

ही गोष्ट जुन्या लोकांस चांगली ठाऊक होती. इंग्लंडात १५३८ साली थॉमस क्रॉमवेल ह्याने असा हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंदवही ठेवावी, व ती दोन कुलुपांच्या पेटीत असावी. एक किल्ली धर्मगुरूपाशी व दुसरी चर्चच्या पंचांपाशी. दोघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडत नसे. ह्यात धर्मगुरूवर अविश्वास नव्हता, की पंचांवरही नव्हता. नोंद सुरक्षित राहावी आणि उद्या काही उणे-अधिक झाले तर निरपराध माणसावर बालंट येऊ नये, एवढाच त्या दोन कुलुपांचा हेतू होता.

हल्ली नोंदवह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. शाळेत, कचेरीत, बँकेत एक मुख्य संगणक असतो. त्यास सर्व्हर म्हणतात. इतर संगणक त्यास तारेने किंवा बिनतारी पद्धतीने जोडलेले असतात. सर्व्हरवर जी सामाईक कपाटे असतात त्यांस फोल्डर म्हणावयाचे, आणि त्यांतील कागदांस फाइली. ह्या कपाटांच्या किल्ल्या कोणाच्या हाती असाव्यात आणि त्या जागच्या जागी आहेत की नाहीत हे रोज कोणी पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. म्हणून माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीपासून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे इयत्ता नववीचे एक सामाईक फोल्डर होते. विद्यार्थी त्यात आपले प्रकल्प ठेवीत. प्रकल्पांच्या गुणांची यादीही मी त्यातच ठेविली होती. मात्र विद्यार्थ्यांनी ती केवळ वाचावी, तीत अक्षरही बदलू नये, अशी खूण त्या फाइलीवर केली होती. एके दिवशी सकाळी पाहतो तो यादी नाहीशी! फाइल केवळ वाचण्याजोगी असताना ती पुसली गेली, म्हणजे कोणीतरी माझा परवलीचा शब्द चोरला असला पाहिजे, असा तर्क मी केला. वर्गात संगणकाचे ज्ञान सर्वांहून अधिक असलेला एक मुलगा होता. संशय त्याच्याकडे गेला. मी त्याचे नाव उघडपणे घेतले नाही, पण त्याला एकट्याला बोलावून तीन वेळा विचारले. आणि वर्गातील मुलांस तेवढे पुरले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. ती रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "सर, संगणक चांगला येतो म्हणून माझा पोरगा चोर ठरतो काय?" ह्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या सायंकाळी मी प्रथमच फोल्डरांच्या परवानग्यांचे नियम मुळापासून वाचावयास बसलो. आणि जे वाचले त्याने माझी मान खाली गेली. ते काय होते हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

प्रारंभी संगणक इतके महाग होते की एकाच यंत्रावर अनेकांस काम करावे लागे. अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेत १९६१ साली अशा सामाईक यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले. पुढे १९६६ साली तेथे एक चमत्कारिक प्रकार घडला. यंत्रणेचे दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाइलींवर काम करीत होते. एकाची फाइल रोजच्या सूचनेची, तर दुसऱ्याची परवलीच्या शब्दांची. दोघांच्या तात्पुरत्या फाइलीस यंत्राने एकच नाव दिले, त्यामुळे अदलाबदल झाली, आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येक मनुष्यास सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द दिसू लागले. कोणाची लबाडी नव्हती. एका जागेत दोघांची ये-जा होती आणि मध्ये आडभिंत नव्हती, इतकेच.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी यूनिक्स नावाची यंत्रणा रचावयास घेतली. तिच्याच धर्तीवर १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. आज जगातील अतिवेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही अनेक संशोधकांचा सामाईकच आहे. सामाईकपणाचा प्रश्न, म्हणजे, केवळ शाळेपुरता नाही.

यूनिक्सच्या पद्धतीत प्रत्येक फाइलीस व फोल्डरास तीन प्रकारची माणसे मानली आहेत: एक धनी, दुसरा त्याचा गट, तिसरे इतर सर्व. प्रत्येकास तीन प्रकारचे अधिकार देता येतात: वाचणे, लिहिणे व चालविणे. ह्या अधिकारांस अनुक्रमे ४, २ व १ असे अंक दिले आहेत. आता बेरीज करा. वाचणे व लिहिणे मिळून ६. वाचणे व चालविणे मिळून ५. तिन्ही मिळून ७. काहीच नाही तर ०. हे तीन अंक निवडण्यात चातुर्य असे आहे की, त्यांची कोणतीही बेरीज दुसऱ्या कोणत्याही बेरजेसारखी येत नाही. म्हणून एका अंकावरून सर्व अधिकार ओळखता येतात. धन्यास ७, गटास ५ व इतरांस ० असे द्यावयाचे असेल तर ७५० असा आकडा लिहितात. ७७७ लिहिले की येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांस सर्व काही मोकळे.

आता जी गोष्ट मला ठाऊक नव्हती ती सांगतो. हे तीन शब्द फाइलीच्या बाबतीत जो अर्थ देतात तोच फोल्डरच्या बाबतीत देत नाहीत. फोल्डर म्हणजे वस्तुतः नावांची एक यादी होय. फोल्डर 'वाचणे' म्हणजे आतील नावे पाहणे. 'चालविणे' म्हणजे आत प्रवेश करणे. आणि 'लिहिणे' म्हणजे त्या यादीत नवे नाव घालणे किंवा असलेले नाव खोडणे. फाइल पुसणे म्हणजे फाइलीत काही लिहिणे नव्हे. ते फोल्डरच्या यादीतून तिचे नाव खोडणे होय. सबब फाइल केवळ वाचण्याजोगी असली, तरी ज्यास फोल्डरमध्ये लिहिण्याचा व प्रवेशाचा अधिकार आहे तो ती पुसू शकतो. पेटीस कुलूप आहे, परंतु पेटी ठेवलेल्या खोलीस दारच नाही. चोरास पेटी उघडावयाचे कारणच पडत नाही, तो ती उचलून नेतो!

माझ्या नववीच्या फोल्डरवर आकडा होता ७७७. तो कोणी घातला होता? मीच. मागील वर्षी वार्षिक अंकाचे काम घाईत चालले होते. कोणाला फाइल उघडत नव्हती, कोणाला ठेवता येत नव्हती. मी कंटाळून सर्व दारे मोकळी केली, काम झाले की बंद करू असे मनाशी म्हटले, आणि विसरलो. त्या यादीचा नाश शाळेतील कोणत्याही मुलाच्या हातून, किंबहुना नकळत, झाला असू शकत होता. कोणी केला हे अखेरपर्यंत कळले नाही. परंतु परवलीचा शब्द चोरण्याची गरज नव्हती, आणि ज्या एका मुलावर संशय घेतला त्यास इतरांहून अधिक काही सोयही नव्हती, हे मात्र निश्चित ठरले. मी वर्गापुढे उभा राहून, दार मीच उघडे ठेविले होते असे सांगितले आणि त्या मुलाची क्षमा मागितली. गुणांची यादी तीन सायंकाळ बसून पुन्हा करता आली. त्या मुलाचे ते दोन दिवस मात्र मला परत करता आले नाहीत.

ह्या दोषावर उपाय काय? पहिला उपाय आकड्यांतच आहे. इतरांस ० द्यावे व वर्गाचा एक गट करून त्यासच अधिकार द्यावा. दुसरा, सामाईक फोल्डरवर स्टिकी बिट नावाची एक विशेष खूण करावी. ही खूण असली म्हणजे फाइलीचा धनी, फोल्डरचा धनी व मुख्य व्यवस्थापक ह्यांवाचून दुसऱ्या कोणास ती फाइल पुसता येत नाही. तिसरा, फोल्डरवर गटाची खूण करावी, म्हणजे आत निर्माण होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. विंडोज यंत्रणेत व्यवस्था निराळी आहे. तेथे प्रत्येक फोल्डरास माणसांची व गटांची सविस्तर यादी जोडलेली असते, आणि आतील फाइलींस ती वारशाने मिळते. तत्त्व मात्र तेच.

परंतु एकदा नीट लावलेली घडी तशीच राहत नाही. कोणी दुसऱ्या ठिकाणची फाइल उचलून येथे ठेवतो. ती आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते. कोणी घाईत दार मोकळे करतो. जूनमध्ये नवे विद्यार्थी येतात आणि दहावीचे निघून जातात, पण त्यांची नावे गटात तशीच राहतात. शिक्षकांची बदली होते, किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहते. मनुष्य आळशी असतो असे नव्हे; तो विसराळू असतो. म्हणून जे काम नित्य करावयाचे ते विसरणाऱ्याच्या हाती न ठेवता घड्याळाच्या हाती द्यावे.

आपल्या चर्चमधील अँजेलसची घंटा आठवा. सकाळी, दुपारी व सायंकाळी ती ठरल्या वेळी होते. शेतातील मनुष्यास वेळ विचारावी लागत नाही. संगणकातही असाच एक घंटावाला आहे. त्याचे नाव क्रॉन. १९७९ साली निघालेल्या यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो होता, आणि १९८७ साली पॉल विक्सी ह्यांनी त्याचे जे सुधारलेले रूप लिहिले त्याचा पुढे फार प्रसार झाला. त्यास आज्ञा द्यावयाची ती पाच खान्यांत: मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना व वार. ज्या खान्यात तारा काढावा त्याचा अर्थ 'प्रत्येक'. उदाहरणार्थ, '३० १८ * * १-६' असे लिहिले तर सोमवार ते शनिवार सायंकाळी साडेसहा वाजता काम होईल. वार रविवारपासून मोजतात व रविवारचा अंक ०. अर्थात चुकीस रविवार नसतो. म्हणून शेवटच्या खान्यातही तारा घालणे बरे.

मी सायंकाळची वेळ घेतली ह्यास कारण आहे. पुष्कळ शाळांतून रात्री सर्व्हर बंद करतात, आणि पावसाळ्यात वीज जाणे आपल्याकडे नवीन नाही. ठरल्या क्षणी यंत्र बंद असेल तर साधा क्रॉन ते चुकलेले काम मागाहून करीत नाही. सरळ पुढील वेळेची वाट पाहतो. चुकलेले काम यंत्र सुरू झाल्यावर करून घ्यावयाचे असेल तर अ‍ॅनाक्रॉन नावाचा दुसरा सेवक आहे. पहारा ठेवताना पहारेकरी त्या वेळी जागा असेल की नाही, हे आधी पाहावे.

घंटा झाली म्हणजे काम करावयाचे ते स्क्रिप्टने. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची लिहून ठेवलेली यादी. आमच्या शाळेतील फोल्डरांसाठी पुढे जी रचना केली तिचा क्रम येणेप्रमाणे होता. प्रथम एका फाइलीत कोणत्या फोल्डरचा धनी कोण, गट कोणता व आकडा कोणता हे लिहून ठेवावे. ही मूळ नोंदवही. मग स्क्रिप्टने रोज प्रत्येक फोल्डर त्या नोंदवहीशी ताडून पाहावे. फरक आढळला तर आधी तो तारीख-वेळेसह रोजनिशीत लिहावा, आणि नंतर आकडा पूर्ववत करावा. फोल्डर व फाइली ह्यांना निरनिराळे आकडे द्यावेत, कारण फोल्डरात शिरावयास 'चालविणे' लागते, परंतु साध्या निबंधाच्या फाइलीस त्याचे काही कारण नाही. गटातील नावे हजेरीपटाशी ताडावीत. निबंध देण्याची मुदत संपली की त्या दिवशी सायंकाळी विद्यार्थ्यांचा लिहिण्याचा अधिकार आपोआप काढावा. म्हणजे शिक्षकास कोणाच्या विनवण्या ऐकाव्या लागत नाहीत, आणि कोणास अधिक सवलत मिळाली असे कोणी म्हणत नाही.

रोजनिशीचे महत्त्व विशेष आहे. नुसते दार बंद करणारा पहारेकरी अर्धेच काम करतो. दार उघडे कधी सापडले हे सांगणारा पूर्ण काम करतो. त्या वर्षी अशी रोजनिशी असती, तर दार कित्येक महिने उघडे आहे हे पहिल्याच दिवशी कळले असते, आणि त्या मुलास कोणी काही विचारले नसते.

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. स्क्रिप्ट हा आज्ञाधारक चाकर आहे, परंतु त्यास विवेक नाही. चुकीची आज्ञा तो तितक्याच तत्परतेने पाळतो. जपानातील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर १४ ते १६ डिसेंबर २०२१ ह्या तीन दिवसांत असेच घडले. जुन्या नोंदी पुसून जागा मोकळी करणारी एक स्क्रिप्ट तेथे चालू होती. ती चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली प्रत ठेवण्यात आली. अशी स्क्रिप्ट यंत्र आरंभी सबंध वाचून घेत नाही. जसजसे काम पुढे जाते तसतसे वाचते. त्यामुळे अर्धी जुनी व अर्धी नवी आज्ञा पाळली गेली, फोल्डरचे नाव असावयाचे तेथे काहीच राहिले नाही, आणि नोंदींऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली गेल्या. १४ संशोधक गटांस झळ लागली, व त्यांपैकी ४ गटांचे जे गेले ते परत मिळाले नाही.

ह्यावरून काही नियम निघतात. चालू स्क्रिप्टमध्ये हात घालू नये. ज्या नावावर आज्ञा अवलंबून आहे ते नाव रिकामे आढळल्यास स्क्रिप्टने तत्काळ थांबावे, अशी तजवीज तिच्या पहिल्याच ओळीत करावी. नवी स्क्रिप्ट प्रथम 'मी काय केले असते' एवढेच सांगेल अशा रीतीने चालवून पाहावी, मगच तिच्या हाती खरे काम द्यावे. फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. आणि स्क्रिप्टसही कामापुरताच अधिकार द्यावा. हा शेवटचा नियम सॉल्टझर व श्रोडर ह्या दोन पंडितांनी १९७५ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडलेल्या तत्त्वांपैकी आहे: प्रत्येकास त्याचे काम होण्यापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा.

पालकांसही ह्या विषयाशी कर्तव्य आहे. लग्नाची वा पवित्र कम्युनियनची छायाचित्रे आपण इंटरनेटवरील फोल्डरमध्ये ठेवतो, आणि 'ज्याच्यापाशी दुवा आहे अशा कोणालाही' असा पर्याय निवडून दुवा नातेवाइकांस पाठवितो. हेच आपले घरगुती ७७७ होय. दुवा एकाने दुसऱ्यास पाठविला की तो कोठे जाईल ह्याचा नेम नाही. म्हणून शक्य तो नावानिशी अधिकार द्यावा, बहुतेकांस केवळ पाहण्याचाच द्यावा, आणि महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी यादी तपासावी. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, व त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीची विशेष काळजी घेतली आहे. परंतु कायदा होण्यापूर्वीही आपल्या मुलांची चित्रे व गुण हे आपल्यापाशी ठेव म्हणूनच होते.

विद्यार्थिमित्रांनो, ज्यांस ह्या विद्येची गोडी लागेल त्यांच्यासाठी मुंबईच्या आय.आय.टी.चा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. लिनक्सचे पाठ त्यावर मराठीतून विनामूल्य मिळतात. घरच्या संगणकावर एक रिकामे फोल्डर करा, त्यात एक फाइल ठेवा, तीस केवळ वाचण्याजोगी करा, आणि मग ती पुसून पाहा. जे दिसेल ते शंभर व्याख्यानांनी समजणार नाही.

शेवटी एवढेच. कुलूप लावणे म्हणजे दुसऱ्यास चोर समजणे असे पुष्कळांस वाटते, व म्हणून संकोचाने दारे उघडी राहतात. मला आता निराळे वाटते. आपण रोज प्रार्थनेत, आम्हांस मोहात पाडू नकोस, अशी याचना करतो. तर दुसऱ्याच्या वाटेत आपण मोह ठेवू नये, हेही त्याच याचनेचे दुसरे अंग होय. नीट लावलेले कुलूप आतील वस्तूचे रक्षण तर करतेच; परंतु त्याहून अधिक ते बाहेर उभ्या असलेल्या निरपराध मुलाच्या नावाचे रक्षण करते.